बढती नाकारलेला कप्तान

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश नौदलातला कमांडर फ्रेडरिक जॉन वॉकर ४३ वर्षांचा होता आणि त्याच्या नोकरीत फारसे काही उरले नव्हते. कॅप्टनच्या हुद्द्यासाठी नाव निघण्याची वर्षे उलटली होती, बरोबरीचे पुढे सरकले होते, आणि लवकर निवृत्त होऊन घरी बसणे एवढेच समोर दिसत होते. पुढच्या पाच वर्षांत याच माणसाच्या हाताखालच्या नौकांनी वीसच्या आसपास जर्मन पाणबुड्या बुडवल्या. श्रेय वाटण्याच्या पद्धतीप्रमाणे हा आकडा थोडा खालीवर होतो, पण अटलांटिकच्या लढाईतला सर्वांत यशस्वी पाणबुडीमार म्हणून वॉकरचेच नाव घेतले जाते. ही हकीकत बहुतेक वेळा एका ठरीव साच्यात सांगितली जाते. एक अस्सल मर्द, त्याला न ओळखणारे खुर्चीतले अधिकारी, मग युद्ध आणि मग त्याचा उदय. साचा ऐकायला बरा वाटतो, पण तो वॉकरला मोठा करण्याऐवजी लहान करतो. पुरावा नीट लावून पाहिला तर निष्कर्ष वेगळाच निघतो. पाणबुडीची शिकार ही एका कप्तानाच्या कसबावर अवलंबून राहणारी गोष्ट होती. वॉकरने तिची लिहून ठेवता येईल, घोटता येईल आणि दुसऱ्याच्या हाती देता येईल अशी पद्धत केली. नौदलाची चूक माणूस ओळखण्यात झाली त्याहून अधिक काम ओळखण्यात झाली.

त्यासाठी आधी त्या कामाची नौदलातली पत पाहावी लागते. १८९६ साली प्लिमथला जन्मलेला वॉकर १९०९ मध्ये ऑसबर्नच्या नौदल विद्यालयात दाखल झाला आणि डार्टमथहून पहिल्या रांगेतला विद्यार्थी म्हणून राजाचे पदक घेऊन बाहेर पडला. पहिल्या महायुद्धात त्याने ‘मर्मेड’ आणि ‘सार्पेडन’ या विनाशिकांवर काम केले. म्हणजे सुरुवात उत्तम होती. मग विसाच्या दशकात त्याने एक निर्णय घेतला. पोर्टलंडला ‘ऑस्प्रे’ या नावाने पाणबुडीविरोधी युद्धाची नवी शाळा निघाली होती, तिथले प्रशिक्षण घेऊन त्याने तेच आपले क्षेत्र मानले. त्या काळच्या ब्रिटिश नौदलात बढतीची वाट मोठ्या तोफांच्या दिशेने जात असे. युद्धनौकांच्या रांगा, शिस्तबद्ध संचलन आणि दूर पल्ल्याचा अचूक मारा यांत चमकणाऱ्या अधिकाऱ्याकडे वरिष्ठांचे लक्ष जाई. पाणबुडी शोधणे हे छोट्या नौकांवरच्या तंत्रज्ञांचे काम मानले जात होते. १९३७ साली तर नौदलाच्या वरिष्ठ वर्तुळाने असे मत नोंदवले की पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, पाणबुड्यांनी जशी कोंडी केली तशी पुन्हा होणार नाही. या आत्मविश्वासाचा आधार होता अॅस्डिक. पाण्यात ध्वनिलहर सोडायची, पाणबुडीवर आपटून येणारा प्रतिध्वनी ऐकायचा आणि त्यावरून दिशा व अंतर काढायचे, असे ते यंत्र. पण जर्मन पाणबुड्या रात्री पाण्याच्या पृष्ठभागावरून हल्ला करू लागल्या तेव्हा हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी ठरले. ज्या संस्थेने प्रश्न सुटला असे जाहीर केले होते तिला तोच प्रश्न सोडवण्यात आयुष्य घालवणाऱ्या माणसाची गरज वाटली नाही, यात नवल नाही.

डंकर्कच्या माघारीच्या वेळी वॉकर डोव्हरला व्हाइस अॅडमिरल बर्ट्रम रॅम्झीच्या हाताखाली पाणबुडीविरोधी बंदोबस्ताचे काम पाहत होता. समुद्रावर जाण्याची त्याची मागणी ऑक्टोबर १९४१ मध्ये मान्य झाली. ‘स्टॉर्क’ ही स्लूप जातीची नौका आणि तिच्यासोबत छत्तिसाव्या संरक्षक गटाचे नेतृत्व त्याला मिळाले. दोन स्लूप आणि सात कॉर्व्हेट असा तो गट होता. त्याने प्रथम केलेली गोष्ट म्हणजे लेखी आदेशांची मांडणी. जहाजावर पाणतीर लागला, पाणबुडी दिसली, अॅस्डिकला प्रतिध्वनी मिळाला, अशा प्रत्येक प्रसंगी कोणी काय करायचे हे आधीच ठरलेले असावे आणि कप्तानांनी वरिष्ठाच्या हुकमाची वाट न पाहता सुरुवात करावी, हा त्यांचा गाभा. समोर आलेल्या संधीवर स्वतःहून झेप घेणाऱ्याला आपल्याकडून बोल लागणार नाही, असे त्याने हाताखालच्या अधिकाऱ्यांना बजावले. पहिली मोठी कसोटी डिसेंबर १९४१ मध्ये आली. जिब्राल्टरहून इंग्लंडकडे निघालेल्या एचजी ७६ या ३२ जहाजांच्या तांड्यावर पाणबुड्यांच्या टोळीने हल्ला चढवला. सोबत ‘ऑडॅसिटी’ ही छोटी विमानवाहू नौका होती. जर्मनांकडून पकडलेल्या ‘हॅनोव्हर’ नावाच्या मालवाहू जहाजावर धावपट्टी चढवून ती तयार केली होती. आठवडाभराच्या झुंजीत पाच जर्मन पाणबुड्या बुडाल्या. त्यांपैकी चार वॉकरच्या हाताखालच्या नौकांनी आणि सोबतच्या विमानांनी मिळून संपवल्या. एका पाणबुडीवर एन्ड्रास हा जर्मनीचा नावाजलेला कप्तान होता. तांड्यातली फक्त दोन व्यापारी जहाजे गेली. ‘स्टॅन्ली’ ही विनाशिका आणि ‘ऑडॅसिटी’ यांचा मात्र बळी गेला.

इथे साच्यातल्या कथेला अडचणीचा वाटेल असा पुरावा समोर येतो. याच लढाईत वॉकरच्या दोन कल्पना फसल्या. एका रात्री तांड्यापासून दूर प्रकाशगोळे उडवून तिथेच लढाई चालू आहे असा भास निर्माण करायचा त्याचा बेत होता. तांड्यातल्या जहाजांनी स्वतःचेच प्रकाशगोळे सोडले, सगळा तांडा उजळून निघाला आणि बेत उलटला. दुसरी कल्पना त्याच्या लाडक्या ‘बटरकप’ डावाची. जहाजावर पाणतीर लागताच सर्व संरक्षक नौकांनी बाहेरच्या दिशेला वेगाने वळायचे, प्रकाशगोळ्यांनी समुद्र उजळायचा आणि पाणबुडीला बुडी मारायला भाग पाडायचे. पाणबुडी तांड्याच्या बाहेरून मारा करते हे त्यामागचे गृहीतक होते. जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स याच्या नेतृत्वाखाली डावपेचांचा अभ्यास करणारे एक पथक स्थापन झाले. रॉबर्ट्सलाही नौदलाने क्षयरोगामुळे युद्धापूर्वी घरी बसवले होते. महिला नौदल सेवेतल्या विशीच्या आसपासच्या तरुणींना घेऊन त्याने मोठ्या खोलीच्या फरशीवर समुद्र आखला, खडूने जहाजांच्या वाटा काढल्या आणि झालेल्या लढाया पुन्हा खेळून पाहिल्या. निष्कर्ष निघाला की पाणबुडी मागच्या बाजूने तांड्याच्या आत शिरते आणि आतूनच पाणतीर सोडते. म्हणजे ‘बटरकप’मध्ये नौका शत्रूपासून लांब पळत होत्या. जीन लेडलॉ आणि जॅनेट ओकेल या तरुणींच्या मदतीने रॉबर्ट्सने ‘रास्पबेरी’ हा नवा डाव रचला. त्यात नौकांनी तांड्याच्या मागे येऊन आतल्या पाण्याचा शोध घ्यायचा होता. पुढच्या वर्षांत सुमारे पाच हजार अधिकारी या खोलीतून शिकून गेले. वॉकरचा डाव चुकीचा होता हे मान्य केल्याने त्याचे महत्त्व कमी होते काय? उलट आहे. चूक सापडली, कारण डाव नावासकट लिहिलेला होता. कप्तानाच्या मनातल्या अंतःप्रेरणेला फरशीवर मांडून तपासता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. लिहिलेल्या पद्धतीचे तसे करता येते.

वॉकरचे सर्वांत मोठे काम मात्र १९४३ मध्ये दिसते आणि ते समजण्यासाठी थोडे तंत्र समजून घ्यावे लागेल. नौका पाणबुडीच्या जवळ जाते तसतशी खोल गेलेली पाणबुडी अॅस्डिकच्या तिरप्या झोताखालून निसटते. शेवटचे काहीशे मीटर नौका आंधळी असते. डेप्थ चार्ज, म्हणजे ठरलेल्या खोलीवर फुटणारे बाँब, नौकेच्या मागच्या टोकावरून टाकायचे असतात. ते खोल बुडायला अर्धे-पाऊण मिनिट लागते, आणि आपल्याच स्फोटात आपली नौका सापडू नये म्हणून कप्तानाला वेग वाढवावा लागतो. वाढलेल्या वेगाने पंख्यांचा आवाज चढतो. खाली बसलेला जर्मन कप्तान तो ऐकतो आणि नेमक्या क्षणी झपाट्याने वळतो. म्हणजे नौका, पाणबुडी आणि स्फोट यांची आंधळी कोशिंबीर सुरू होते, आणि तीत खाली असलेल्याला जास्त ऐकू येते. वॉकरने यावर काढलेला तोडगा साधा आहे. एकाच नौकेने शोधायचे आणि मारायचे हा हट्ट सोडून त्याने दोन्ही कामे वेगळी केली. एक नौका पाणबुडीच्या मागे हजारभर मीटरवर राहून प्रतिध्वनी सांभाळते. दुसरी नौका स्वतःचे अॅस्डिक बंद ठेवून जेमतेम पाच नॉट वेगाने, जवळजवळ बिनआवाज, पाणबुडीच्या डोक्यावर सरकते. कधी वळायचे आणि कधी डेप्थ चार्ज सोडायचे हे मागची नौका रेडिओवरून सांगते. मग सव्वीस डेप्थ चार्ज एकामागून एक पडतात आणि खालच्या कप्तानाला स्फोटापूर्वी काहीच सूचना मिळत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या पद्धतीत प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्या कप्तानाला स्वतःला काहीही दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. त्याने स्वतःच्या कानांपेक्षा दुसऱ्याच्या आवाजावर विश्वास ठेवायचा. हा विश्वास मैदानी शौर्यातून तयार होत नाही. तो एकाच गटाने वर्षभर एकत्र राहून घोटलेल्या सरावातून तयार होतो.

‘स्टार्लिंग’, ‘वाइल्ड गूज’, ‘रेन’, ‘वुडपेकर’, ‘काइट’, ‘सिग्नेट’ आणि पुढे ‘मॅगपाय’ या स्लूपांच्या, वॉकरच्या हाताखालच्या दुसऱ्या साहाय्यक गटाने हे करून दाखवले. जून १९४३ च्या पहिल्या दिवशी या गटाला यू-२०२ सापडली. हीच पाणबुडी वर्षभरापूर्वी अमेरिकेच्या लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर जर्मन घातपाती उतरवून गेली होती. ती डेप्थ चार्जच्या टप्प्याच्या खाली जाऊन बसली. वॉकरने आणखी दारूगोळा उधळण्याऐवजी प्रतिध्वनी धरून ठेवला आणि हवा कधी संपेल याचा हिशेब मांडला. मध्यरात्रीच्या सुमारास ती वर येईल हा त्याचा अंदाज मिनिटांच्या फरकाने बरोबर ठरला. ही शिकार सुमारे पंधरा तास चालली. ३० जुलैला बिस्केच्या उपसागरात विमाने आणि हा गट यांनी मिळून एकाच दिवसात तीन पाणबुड्या संपवल्या. १९४४ च्या ३१ जानेवारीपासून १९ फेब्रुवारीपर्यंतच्या एका मोहिमेत या गटाने सहा बुडवल्या. त्यांतली शेवटची यू-२६४ पाण्याखाली हवा ओढून घेणारी श्नॉर्केल नळी लावलेली होती. तिच्यावरचे सर्व ५२ जण जिवंत हाती लागले. परतल्यावर लिव्हरपूलच्या ग्लॅडस्टन गोदीत नौदलमंत्री अलेक्झांडर स्वतः स्वागताला आले. सहाच्या सहा शिकारींमध्ये दोन किंवा अधिक नौकांचा हात होता. श्रेय कोणा एकाचे, हे सांगताना नोंदी करणाऱ्यांना आजही अडचण येते, आणि ती अडचणच माझ्या मुद्द्याचा पुरावा आहे.

आता एक गंभीर आक्षेप. अटलांटिकची लढाई वॉकरने जिंकली हे खरे नाही, असे इतिहासकार म्हणू शकतात, आणि त्यांचे बरोबर आहे. ब्लेच्ली पार्कमध्ये फोडलेले सांकेतिक संदेश, पाणबुड्यांच्या रेडिओची दिशा सांगणारी यंत्रे, सेंटिमीटर तरंगलांबीचे रडार, लांब पल्ल्याची लिबरेटर विमाने आणि अमेरिकी गोद्यांतून अखंड बाहेर पडणारी जहाजे यांनी युद्धाचा तोल फिरवला. तारखाच पाहा. मे १९४३ मध्ये जर्मनीने ४१ पाणबुड्या गमावल्या आणि २४ मे रोजी जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून आपल्या टोळ्या मागे घेतल्या. वॉकरच्या नव्या गटाची पहिली शिकार त्यानंतर झाली. निर्णायक महिन्यात त्याच्या खात्यावर शून्य आहे. परंतु त्या महिन्यात काय घडले ते पाहिले की आक्षेप आपल्या बाजूला येऊन उभा राहतो. मेच्या पहिल्या आठवड्यात ओएनएस ५ या तांड्याभोवतीच्या भीषण लढाईत गटप्रमुख पीटर ग्रेटन याला इंधन संपत आल्यामुळे आपली विनाशिका घेऊन निघून जावे लागले. सूत्रे राखीव दलातल्या रॉबर्ट शेरवुडकडे आली, आणि त्याच्या ‘टे’ या फ्रिगेटचे तर अॅस्डिकही बंद पडलेले होते. तरीही गट कोलमडला नाही. त्या तांड्याभोवती जर्मनीने अर्धा डझन पाणबुड्या गमावल्या. नायक निघून गेला आणि लढाई जिंकली गेली, कारण डाव सर्वांना पाठ होते. संदेश फोडून पाणबुडी कुठे आहे हे कळते. ती खोल जाऊन बसल्यावर पुढे काय करायचे, हे पाण्यावरच्या माणसांनाच ठरवावे लागते. यंत्रे आणि बातमी यांना फळ यायला घोटलेला गट लागतो, आणि वॉकर हा त्या प्रकारच्या कामाचा सर्वांत पूर्ण नमुना आहे. तो एकटा नव्हता, हे सांगणे त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरत नाही.

दुसरा आक्षेप त्याला बढती नाकारणाऱ्यांच्या बाजूने करता येईल. शांततेच्या काळातला वॉकर खरोखर फारसा बरा अधिकारी नसेलही. ‘व्हॅलियंट’ या युद्धनौकेवर दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी असताना त्याच्या नेतृत्वगुणांबद्दल प्रतिकूल अहवाल गेला होता. तो अहवाल द्वेषाने लिहिला होता असे मानण्याची गरज नाही. हजार-बाराशे माणसांच्या युद्धनौकेची चकाकी, समारंभ आणि शिष्टाचार सांभाळण्यात हा माणूस कमी पडला असेल. पण याचा अर्थ काय होतो? तेच गुण सहा छोट्या नौकांच्या गटात, वेगळ्या कामासाठी लावले तेव्हा खलाशी त्याच्यासाठी जीव टाकू लागले. ‘नेतृत्व’ नावाचा एकच गुण माणसात कमी किंवा जास्त असतो आणि तो कुठल्याही जहाजावर सारखाच मोजता येतो, या समजुतीवर ती बढतीची यंत्रणा उभी होती. वॉकरच्या कारकिर्दीने ती समजूत खोटी पाडली. रॉबर्ट्सची कारकीर्द तिला जोडून पाहिली तर हा अपवाद नसून मोजपट्टीचाच दोष आहे हे दिसते. पाणबुड्यांविरुद्धच्या विचारांत सर्वांत पुढे असलेले दोन अधिकारी, एक बढतीतून गळलेला आणि एक आजारपणामुळे काढलेला, दोघेही युद्ध पेटल्याशिवाय कामाला लागले नसते.

तिसरा प्रश्न नैतिक आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. लोखंडी नळकांड्यात कोंडलेल्या पन्नास तरुणांची हवा संपेपर्यंत घड्याळ लावून वाट पाहणे, याला शौर्य म्हणावे काय? जर्मन पाणबुडी दलात गेलेल्या सुमारे चाळीस हजारांपैकी जवळपास तीन चतुर्थांश परत आले नाहीत. या प्रश्नाचे उत्तर देताना पाणतीर कोणाला लागत होते ते पाहायला हवे, आणि इथे हा विषय आपल्या किनाऱ्याला येऊन भिडतो. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हिंदी खलाशी मोठ्या संख्येने होते. मुंबईत भरती होणाऱ्या डेकवरच्या माणसांत कोकण किनाऱ्यावरचे अनेक असत. जेवणघर आणि केबिन सांभाळणारे बहुतेक गोवेकर असत, आणि धोबीतलाव परिसरातल्या त्यांच्या गावनिहाय क्लबांतून, म्हणजे कुडांमधून, ते जहाजावर चढत. दुसऱ्या महायुद्धात मृत्युमुखी पडलेल्या हिंदी व्यापारी खलाशांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. सप्टेंबर १९४० मध्ये यू-४८ ने ‘सिटी ऑफ बनारस’ बुडवले तेव्हा इंग्लंडमधून कॅनडाला पाठवलेली लहान मुले आणि शंभराहून अधिक हिंदी खलाशी अटलांटिकच्या गार पाण्यात गेले. वॉकरच्या ‘स्टार्लिंग’च्या ‘ब्लॅक स्वान’ कुळातल्याच सतलज, जमुना, नर्बदा, गोदावरी, कावेरी आणि कृष्णा या नौका तेव्हाच्या हिंदी नौदलात होत्या, आणि त्या नौदलाची जुनी भरती रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून होत आलेली होती. तेव्हा हे युद्ध केवळ साहेबांच्या दोन पक्षांतले नव्हते. एक पाणबुडी वेळेवर बुडाली की पुढच्या तांड्यातल्या कुठल्याशा सारंगाचा, भंडाऱ्याचा, बटलरचा जीव वाचत होता. खाली अडकलेल्या तरुणांबद्दल करुणा वाटणे योग्यच आहे. पण पद्धतशीर शिकारीला क्रूर ठरवताना शिकार न झाल्यास मरणारी माणसे हिशेबातून वगळता येणार नाहीत. वर आलेल्या शत्रूला उचलून घेण्याचे कामही याच नौकांनी केले आहे.

वॉकरच्या बाबतीत एक विसंगती मात्र खरी आहे. काम दुसऱ्याच्या हाती देता येईल असे घडवणारा हा माणूस स्वतः ते कधी खाली ठेवू शकला नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये त्याचा मुलगा टिमथी ‘पार्थियन’ या ब्रिटिश पाणबुडीसह भूमध्य समुद्रात नाहीसा झाला. पाणबुड्या मारण्यासाठी जगणाऱ्या बापाचा मुलगा पाणबुडीतच गेला. तरी पुढच्या मोहिमा थांबल्या नाहीत. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या स्वारीच्या वेळी इंग्लिश खाडीच्या तोंडाशी पाणबुड्यांना रोखण्यासाठी तो आठवडेच्या आठवडे नौकेच्या ब्रिजवर उभा होता. ९ जुलै १९४४ रोजी लिव्हरपूलजवळच्या सीफोर्थच्या नौदल रुग्णालयात मेंदूत रक्ताची गाठ होऊन तो वारला. वय ४८. डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी त्यामागे अतिश्रम पाहिले. विश्रांती न घेणारा सेनापती हा आदर्श म्हणून मिरवला जातो, पण त्याच्याच पद्धतीच्या निकषावर हा त्याचा दोष ठरतो. लढाईत एखाद्या कप्तानाला बदली माणूस असावा हे त्याने शिकवले, पण स्वतःला मात्र त्या नियमातून वगळले.

पण पद्धतीची अंतिम परीक्षा तिच्या कर्त्याच्या मृत्यूनंतरच होते. वॉकरनंतर गटाची सूत्रे ‘वाइल्ड गूज’चा कप्तान वेमिस याच्याकडे आली. तीन आठवड्यांत, ३१ जुलैला, ‘स्टार्लिंग’ आणि ‘लॉक किलिन’ या नौकांनी यू-३३३ बुडवली. ऑगस्टमध्ये या गटाच्या नावावर आणखी पाणबुड्या लागल्या. यू-३३३ वर ‘स्क्विड’ हे नवे अस्त्र चालले. ते पाणबुडीवरून जाण्याआधीच, प्रतिध्वनी कानात असतानाच, पुढच्या बाजूला स्फोटके फेकत होते. म्हणजे ज्या आंधळ्या अंतरावर मात करण्यासाठी वॉकरने दोन नौकांची युक्ती काढली होती ते अंतरच यंत्राने भरून काढले. त्याची युक्ती कालबाह्य होऊ लागली, त्याचा गट मात्र झाला नाही, आणि हे मला त्याच्या यशाचे सर्वांत स्वच्छ मोजमाप वाटते. नौदलाने त्याला जून १९४२ मध्ये कॅप्टन केले, पुढे दोन वर्षांची जादा ज्येष्ठता दिली, डीएसओ हे पदक चार वेळा दिले, आणि १९९८ साली लिव्हरपूलच्या पियर हेडवर त्याचा पुतळा उभा राहिला. हे सगळे घडलेल्या शिकारीचे मोल आहे. जे मोल वेळेवर ओळखायला हवे होते ते १९३७ साली पोर्टलंडच्या शाळेत, एका कमांडरच्या प्रयोगांत, कुठलीही पाणबुडी न बुडवता दिसत होते. युद्ध होऊन जाण्याआधी अशा कामाची किंमत करता येणे हीच कुठल्याही सैन्यदलाच्या, आणि खरे तर कुठल्याही संस्थेच्या, शहाणपणाची कसोटी आहे. त्या कसोटीत ब्रिटिश नौदल नापास झाले, आणि शत्रूने सक्तीने घेतलेल्या फेरपरीक्षेत पास होताना त्याला हजारो जहाजांची फी भरावी लागली.